पाय लागला म्हणून

बिलोलीच्या पलीकडं कालव्याच्या काठानं जी गावं लागतात, त्यांतल्या एका गावात केरबा पाटकरी राहतो. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी पाळीप्रमाणं ज्याच्या-त्याच्या शेताला सोडणारा सरकारी नोकर. आता त्याला रिटायर होऊन जमाना झाला, पण गाव त्याला अजून पाटकरीच म्हणतं. पगार बेताचा होता, पण कालव्याच्या दाराची चावी हातात होती, आणि उन्हाळ्यात ऊस माना टाकायला लागला की भल्याभल्यांना केरबाची आठवण यायची. महादेवप्पा हा गावातला सगळ्यांत मोठा बागायतदार. त्यानं एकदा पाळी नसताना पाणी मागितलं, तेव्हा केरबानं सायकलवरून पायउतार न होता सांगितलं होतं, "अप्पा, तुमची पाळी मंगळवारी हाय. मंगळवारी बगू." ही गोष्ट गावात पुष्कळ जण सांगतात. सगळ्यांत जास्त वेळा केरबा स्वतः सांगतो.

हा ताठा उगीच आलेला नव्हता. केरबाचा बाप महादेवप्पाच्या बापापुढं वाकून जोहार घालायचा. दिसला की वाक, हाक मारली की वाक, काही दिलं तरी वाक, न देता हाकललं तरी वाक. केरबा तेव्हा लहान होता, पण ते वाकणं त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढं घरानं बुद्धाचा धम्म घेतला आणि बापानं पाठ सरळ केली, ती मरेपर्यंत. केरबानं तर आपली पाठ एक वेळ मोडेल पण वाकणार नाही, असंच ठरवून टाकलं. त्याच्या घरात त्याचा एकच कायदा होता, कुणापुढं वाकायचं नाही.

त्याची बायको नागुबाई हिचाही एक कायदा होता. पाय लागला की हात लावून नमस्कार करायचा. माणसाला लागो, पुस्तकाला लागो, भाकरीच्या टोपल्याला लागो, त्या जागी हात टेकवायचा आणि तोच हात आपल्या छातीला लावायचा. आपल्याकडं घरोघरी करतात तेच. पण नागुबाई त्यात कसूर चालू द्यायची नाही. अंधारात पाय लागला आणि पोरानं नमस्कार केला नाही, तर ती झोपेतून उठवून करायला लावायची. एका घरात असे दोन कायदे गुण्यागोविंदानं नांदत होते, कारण घरात अजून फुटबॉल आला नव्हता.

फुटबॉल आणला सिद्धलिंग सरांनी. ते उदगीरकडचे, शाळेत खेळाचे मास्तर म्हणून आले. शाळेच्या मैदानात बाभळीचे काटे एवढे, की पहिला फुटबॉल एका तासाच्या आत फुस्स झाला. मग सरांनी डोकं लढवलं आणि पोरांना कोरड्या कालव्यात उतरवलं. पाणी बंद असलं की कालव्याचा तळ स्वच्छ असायचा. दोन्हीकडं उतरती फरशी, त्यामुळं चेंडू बाहेर जायचा प्रश्न नव्हता. मारला की घसरत परत पायाशी यायचा. पण कालवा सरकारी, आणि सरकार म्हणजे केरबा. तो काठी घेऊन पोरांना हाकलायला आला आणि काठावरच थबकला. त्याचा आनंदराज, आठवीतलं काटकुळं पोरगं, एकटा उभा होता आणि मोठी मोठी पोरं त्याच्या अंगावर धावून येत होती. एकाचाही चेंडू त्याच्या पुढं जात नव्हता.

केरबानं काठी खाली ठेवली. सरांना एवढंच म्हणाला, "पाणी सोडायच्या आदल्या दिशी सांगून ठिवतो. बाकी मला काय दिसलं न्हाई."

आनंदराज गोल मारणाऱ्यांतला नव्हता. तो बॅकला खेळायचा, म्हणजे समोरच्याला गोलापर्यंत पोचू द्यायचा नाही, हे त्याचं काम. या कामात धसमुसळेपणा चालतो, किंबहुना पुष्कळ जण त्यालाच खेळ समजतात. आनंदराजचं वेगळंच झालं. माणसाला पाय लागला की आईचा कायदा आडवा यायचा. त्याचा हात आपोआप समोरच्याच्या पायाला लागायचा, तिथून छातीला, आणि तेवढ्यात तिसराच कुणी चेंडू घेऊन पसार व्हायचा.

सिद्धलिंग सर डोक्याला हात लावायचे. "अरे बाबा, माफी मागायची तर मॅच झाल्यावर माग, सगळ्यांना रांगेत उभं करून माग. चेंडू सोडून कामून वाकतोस?"

आनंदराज खाली मान घालून म्हणायचा, "सर, हात आपसूकच जातो."

सरांनी उपाय केले. त्याला दोन्ही हातांनी चड्डी घट्ट धरून खेळायला लावलं. पहिल्याच झटापटीत पाय लागला, हातातून चड्डी सुटेना, गडी तसाच वाकला आणि तोंडावर आपटला. कालव्यात हसण्याचा कल्लोळ झाला. त्या दिवशी आनंदराजनं स्वतःच एक मार्ग काढला. हात थांबत नाही ना, मग पाय लागूच द्यायचा नाही. चेंडू माणसापासून इतका आधी आणि इतका अलगद काढून घ्यायचा, की अंगाला अंग लागण्याची वेळच येऊ नये. हे बोलायला सोपं आहे. त्यासाठी समोरचा पुढची उडी कुठं मारणार हे त्याच्या खांद्यावरून ओळखावं लागतं. आनंदराज ते दोन-तीन वर्षांत शिकला. कॉलेजला नांदेडला गेला तेव्हा जिल्ह्यात त्याच्या तोडीचा बॅक नव्हता, आणि हे मी त्याच्या कौतुकापोटी सांगत नाही. त्याच्यावर जळणारी माणसंही हेच सांगायची.

केरबा त्याची एकही मॅच चुकवायचा नाही. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, रजा टाकून, यष्टीनं नांदेडला जायचा आणि मैदानाच्या कडेला उभा राहून शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचा, "त्यो पाच नंबर. आमचा हाय." कधीमधी पोराचा तो नमस्कार त्याच्या नजरेस पडायचा आणि कपाळावर आठी यायची. पण ते इतकं क्वचित व्हायचं, की तो तिकडं काणाडोळा करायचा.

मग ती मॅच आली. राज्याच्या स्पर्धा त्या वर्षी लातुरात होत्या आणि नांदेडचा संघ तिसऱ्या नंबरासाठी खेळत होता. पहिल्या तिघांत आलं की सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी राखलेल्या जागांवर हक्क सांगता येतो, हे संघातल्या प्रत्येकाला पाठ होतं. कुणाचं लग्न त्या नोकरीवर अडलं होतं, कुणाच्या घरी तीन बहिणी होत्या. आनंदराजलाही नोकरी हवीच होती. केरबा गावातल्या जीपभर लोकांना घेऊन आला होता, त्यांत सिद्धलिंग सरही होते.

दोन्ही बाजूंनी एकेक गोल झालेला. वेळ संपत आलेली. समोरचा एक चपळ गडी चेंडू घेऊन थेट गोलाच्या तोंडाशी घुसला, आनंदराज आडवा गेला आणि त्यानं चेंडू साफ काढला. फक्त मागचा पाय त्या गड्याच्या पोटरीला लागला आणि गडी पडला. पंच पलीकडं होता, मध्ये नांदेडचाच गोलकीपर उभा. पंचाला काही दिसलं नाही, त्यानं खेळ चालू ठेवा म्हणून हात केला. नांदेडची पोरं चेंडू घेऊन पुढं धावली. आणि आनंदराज तिथंच वाकला. पडलेल्या गड्याच्या पोटरीला हात लावला, छातीला लावला.

ते मात्र पंचाला दिसलं. त्यानं शिट्टी मारली, जवळ आला आणि विचारलं, "लागला का पाय?"

आनंदराज म्हणाला, "लागला."

पेनल्टी झाली, गोल झाला, मॅच गेली. सिद्धलिंग सर पंचाशी भांडले, नमस्कार केला म्हणून पेनल्टी कुठल्या नियमात बसते ते दाखवा म्हणाले. संघातली पोरं मातीत बसून रडली. दोघा-तिघांनी आनंदराजला असं काही सुनावलं, की ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं ते सगळं ऐकून घेतलं.

बाहेर जीपजवळ केरबा उभा होता. पोरगा जवळ आला.

"नोकरी गेली त्याचं मला कायबी न्हाई," केरबा म्हणाला. "पर माझ्या बापाची आख्खी हयात वाकण्यात गेली. मी जन्मभर कुणापुढं मान खाली घातली न्हाई. आन् तू एवढ्या लोकांम्होरं वाकतोस? आपली इज्जत मातीत घातलीस."

"बाबा, पाय लागला व्हता."

"लागू दे. आजपासनं तुझी म्याच मी बगनार न्हाई."

केरबाचा शब्द म्हणजे कालव्याचं दार. एकदा बंद झालं की झालं.

आनंदराज लातुरातच राहिला. एका डाळ मिलमध्ये मशीनवर लागला. दिवसभर तुरीच्या धुराळ्यात उभं राहायचं, संध्याकाळी आंघोळ करून मैदानावर जायचं. दिपालीशी लग्न झालं. ती एका दवाखान्यात नर्स, मोजकं बोलणारी आणि नवऱ्याच्या खेळाबद्दल अभिमान असूनही तो तोंडावर न दाखवणारी. खेळ काही सुटला नाही. इथल्या क्लबाकडून तो खेळत राहिला आणि बघता बघता ज्या नमस्कारानं त्याची नोकरी घालवली, त्याच नमस्कारानं त्याचं नाव केलं. चेंडू शेवटी कुणाला लागून बाहेर गेला यावर वाद पेटला की पंच आनंदराजकडं बघायचे. तो "माझ्याच पायाला लागला" म्हणाला की वाद मिटला. दोन मोहल्ल्यांच्या संघांत एकदा हाणामारीची वेळ आली. एक दांडगा गडी आनंदराजवर मूठ उगारून आला, आणि पाहतो तर हा वाकून त्याच्याच नडगीला हात लावतोय. आता खाली वाकलेल्या माणसाला मारायचं तरी कुठं? मूठ तशीच वर राहिली आणि सगळं मैदान हसायला लागलं. ज्या जुन्या सोबत्यांनी त्याला शिव्या घातल्या होत्या, त्यांतले दोघं पुढं याच क्लबात आले. त्यांना बॅकला दुसरा कुणी नको होता.

हे सगळं केरबाला माहीत होतं. रविवारी संध्याकाळी नागुबाई पोराला फोन लावायची तेव्हा केरबा ओसरीवर बसून पानाला चुना लावत असायचा. चुना लावून लावून पान फाटायचं, पण फोन संपेपर्यंत तो उठायचा नाही. फोन ठेवला की म्हणायचा, "किती गोलांनी?" नागुबाई म्हणायची, "तुमाला काय करायचंय?" पेपरात जिल्ह्याच्या पानावर कुठं कोपऱ्यात आनंदराजचं नाव आलं, तर तो पेपर रद्दीत जायचा नाही. पण मैदानावर पाऊल टाकलं नाही. वीसेक वर्षं निघून गेली. पोराचे केस कानशिलांवर पांढरे झाले. त्या पोरानंही कधी "बाबा, या" म्हटलं नाही. त्याला बोलवायची भीती वाटायची, असं त्यानं एकदा दिपालीला सांगितलं होतं. एकदा नाही म्हणालेला बाप पुन्हा नाही म्हणाला असता, तर ते त्याला ऐकवलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात नागुबाई न्हाणीत घसरली आणि तिचं मनगट मोडलं. दिपाली गावी गेली आणि दोघा म्हाताऱ्यांना लातूरला घेऊन आली. त्याच सुमाराला आनंदराजच्या गुडघ्याचा निकाल लागला होता. डॉक्टर म्हणाले, आता बस्स. आनंदराजनं क्लबाला कळवून टाकलं, की या रविवारची मॅच शेवटची. दिपालीनं हे सासूला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. नागुबाईनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "ह्यांला सांगू नगंस. सांगितलं तर म्हंतील, मला भरीला पाडायला नवं सोंग काढलं."

रविवारी दुपारी नागुबाई नवं लुगडं नेसून, गळ्यात प्लास्टरचा हात अडकवून दारात उभी राहिली. "मी आनंदाचा खेळ बगाया चाल्ले. दिपालीची ड्यूटी हाय, ती मागून येनार हाय. मला अॅटोत चढवाया-उतरवाया कोन हाय?"

केरबा गुरगुरला. "तुजा हात मोडलाय का पाय?"

"पडले तर पायबी मोडंल. मग गावाकडं भाकरी तुमी थापा."

केरबा उठला. ऑटोत बसता बसता त्यानं बजावलं, "मी नुसता पोचवाया येऊन राहिलो. बगनार न्हाई."

आणि खरंच, त्यानं दिलेला शब्द पाळला. मैदानाच्या पायऱ्यांवर नागुबाई मैदानाकडं तोंड करून बसली आणि केरबा तिच्या शेजारी, मैदानाकडं पाठ करून. त्याच्या समोर लावलेल्या मोटरसायकली आणि एक भज्यांचा गाडा. सगळ्या पायऱ्यांवर तेवढं एकच तोंड उलटं. गाडेवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला भजी पाहिजेत. त्यानं दोनदा विचारलं आणि दोनदा शिव्या खाल्ल्या.

"चेंडू कुठं हाय?" थोड्या वेळानं केरबानं विचारलं.

"मोटारसायकलीवर हाय," नागुबाई म्हणाली. "बगा की."

मागून ओरडा झाला. मग आणखी मोठा ओरडा झाला. कुणीतरी म्हणालं, "वा रे आनंदभाऊ!" केरबाची मान हळूहळू वळायला लागली. आधी गालापर्यंत, मग खांद्यापर्यंत, आणि एकदाची सगळीच वळली. समोरचा संघ कॉलेजच्या पोरांचा होता. एकेक पोरगा हरणासारखा पळत होता, आणि त्यांच्यामध्ये त्याचा पोरगा, पंचेचाळिशीचा, एक पाय जरासा ओढत, पण पूर्वीसारखाच आधी ओळखणारा, आधी पोचणारा. चेंडू काढून घ्यायचा आणि समोरच्याला धक्कासुद्धा लागायचा नाही. किती वर्षं हे आपण पाहिलं नाही, असं केरबाच्या मनात आलं आणि त्याचा त्यालाच राग आला.

तेवढ्यात एक गोरा, उंच पोरगा कडेनं सुसाट आला. आनंदराज आडवा गेला, चेंडू काढला, पण गुडघ्यानं दगा दिला आणि त्याचा पाय पोराच्या नडगीवर बसला. दोघंही पडले. आनंदराज उठून गुडघ्यावर आला आणि वाकला.

"झालं," केरबा दात आवळून म्हणाला. "वाकला."

"कुनापुढं ते बगा की," नागुबाई म्हणाली. "त्यो महादेवप्पाचा नातू हाय, हरिओम. हितं शिकायला असतो."

केरबा ताडकन उभा राहिला. नाक तेच होतं, महादेवप्पाचं आणि महादेवप्पाच्या बापाचं. ज्या घरापुढं बाप वाकला, त्याच घराच्या पोरापुढं आता त्याचा मुलगा. खाली उतरावं आणि पोराला दंडाला धरून ओढत न्यावं, असं त्याला वाटलं.

आनंदराजनं हरिओमच्या नडगीवर हात ठेवला. नुसता टेकवला नाही, जरा दाबून पाहिलं, हाड दुखावलं तर नाही ना म्हणून. मग तो हात आपल्या छातीला लावला. हरिओमनं पाय मागं घेतला नाही. उलट तोच आधी उठला, आनंदराजचा हात आपल्या हातात घेतला, दुसरा हात त्याच्या काखेत घातला आणि सगळा भार अंगावर घेऊन त्याला उभं केलं. घामानं दोघांची अंगं चिंब होती.

केरबा बघतच राहिला.

बापाचा जोहार त्याला आठवला, पण या खेपेला सगळा आठवला. बाप वाकायचा तो लांबून. वाड्याच्या पायरीपासून चांगला दहा हात लांब, चपला काढून, सावली पडणार नाही अशी जागा बघून. पाय लागण्याची गोष्टच सोडा, आणि चुकून लागलाच असता तर हात लावून माफी मागायचीही सोय नव्हती. हात लावणं हाच तिथं मोठा गुन्हा होता. एकदा देवडीत महादेवप्पाच्या बापाचा तोल गेला, तेव्हा केरबाच्या बापानं सावरायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला होता. मालक पडला, पण याचा हात लागला नाही, म्हणून त्या दिवशी मार वाचला.

"आगं," केरबा खाली बसत म्हणाला. "ह्यो जोहार न्हाई."

"म्या कवा म्हनलं हाय म्हनून?" नागुबाई म्हणाली. "तुमीच म्हनत व्हता."

केरबाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. एवढी वर्षं तो आपल्या पोराच्या अंगावर आपल्या बापाची लाज घालत आला होता. पोरगं तर बिनधास्त माणसाला हात लावून माणसासारखं वागत होतं. केरबाला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त, सांगता येणार नाही इतका, आनंद झाला.

मॅच बरोबरीत सुटली. क्लबाच्या लोकांनी आनंदराजला हार घातला, फोटो काढले. केरबाला वाटलं, चांगला खेळला म्हणून घातला असेल. तो नागुबाईला एका हातानं धरून पायऱ्या उतरला आणि मैदानात गेला. आनंदराज गवतावर बसून गुडघ्याला बर्फ लावत होता. दिपाली ड्यूटीवरून थेट आली होती आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडत होती. समोर बाप उभा पाहून आनंदराजच्या हातातला बर्फ खाली पडला.

"बाबा? तुमी कवा आलात?"

"मगाच आलाव," केरबा म्हणाला. "पैला भाग भज्याच्या गाड्याकडं बगन्यात गेला. दुसरा बगितला." त्यानं पोराच्या गुडघ्याकडं पाहिलं. "झ्याक खेळतोस. पैल्यापरीस झ्याक."

आनंदराजनं नुसती मान हलवली.

"पुढची म्याच कवा हाय?" केरबानं विचारलं.

दिपालीनं वर पाहिलं. नागुबाई दुसरीकडं बघायला लागली. आनंदराजच्या गळ्यात शेवटच्या मॅचचा हार होता, आणि मैदानावर सगळ्या जन्मात जो कधी खोटं बोलला नाही, तो बापाच्या तोंडाकडं बघत होता.

"पुढल्या म्हैन्यात, बाबा," तो म्हणाला. "उदगीरला."

"अहो..." दिपालीच्या तोंडून निघालं. आनंदराजनं तिचा हात घट्ट धरला. ती थांबली. मग तिनं खाली पडलेला बर्फ उचलून त्याच्या गुडघ्यावर नीट दाबून धरला.

"मंग आधी सांगत जा," केरबा म्हणाला. "ऐन टायमाला यष्टीत बसाया जागा मिळत न्हाई."